स्नॅपसीड: नवशिक्यांना फुकटात पुरेसे

मोबाइलवरच फोटो सुधारायचे असतील तर पैसे मोजण्याआधी गूगलचे स्नॅपसीड अ‍ॅप वापरून पाहा. फुकट आहे, जाहिराती नाहीत, फोटोवर शिक्काही उमटत नाही. गोव्यातल्या मिरामार किनाऱ्याच्या भर दुपारच्या फोटोत आकाश पांढरे पडते. ‘ट्यून इमेज’मध्ये हायलाइट्स (उजळ भाग) उणे ३०-४० आणि शॅडोज (गडद भाग) अधिक २० करा. जिथे आकाश पूर्ण पांढरेफटक झाले, तिथे तपशील नोंदलेलाच नसतो. तो कुठलेच सॉफ्टवेअर परत आणत नाही. मंगेशी मंदिराची दीपमाळ तिरकी आली तर ‘पर्स्पेक्टिव्ह’ने सरळ करा. विजेच्या तारा ‘हीलिंग’ने पुसा, पण झूम करून, थोड्या-थोड्या. ‘एचडीआर स्केप’ हा फिल्टर टाळाच, माडाच्या झावळ्यांभोवती पांढरी कड उमटते. लग्नाचे शेकडो फोटो उरकायला मात्र संगणकावर डार्कटेबल हे सॉफ्टवेअर बरे. तेही मोफत, शिकायला वेळ लागतो.