खिशातला रेडिएशन मीटर: सात महिने वापरून, बडोदा आणि काक्रापार दोन्हीकडे

मी ३१ वर्षं एक्स-रे विभागात काम केलं. जावई गुजरातमधल्या व्याऱ्याजवळच्या काक्रापार अणुवीज केंद्रात आहेत. मुलगी आणि चार वर्षांचा नातू त्यांच्याबरोबर अणुमाला कॉलनीत राहतात. तिकडून परत आले की दांडिया बाजारात भाजी घेतानासुद्धा कुणी ना कुणी विचारतंच, "लहान मुलाला तिथे ठेवणं बरं का हो?" नुसतं "काही होत नाही" म्हणणं माझ्या मनाला पटेना. आकडा दाखवता यावा म्हणून जूनमध्ये साडेनऊ हजारांचा हा गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारा मीटर, ऑनलाइन मागवला.

आधी यंत्राबद्दल. मोबाइलपेक्षा जरा जाड, वजनाला हलकं, एकदा चार्ज केलं की दोन दिवस चालतं. आत गॅस भरलेली काचेची नळी आहे. तिच्यातून गॅमा किरण किंवा जोरकस बीटा कण गेला की एक टिकटिक होते, आणि त्यावरून तासाला किती मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या प्रारणाचं माप) ते पडद्यावर दिसतं. बांधणी चांगली. पण खोक्यात कॅलिब्रेशनचं, म्हणजे आकडा बरोबर येतो हे ताडून पाहिल्याचं, प्रमाणपत्र नाही. विक्रेत्याला दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा "फॅक्टरी टेस्टेड आहे" एवढंच उत्तर आलं. ज्या मीटरची तपासणी कधी झाली ते माहीत नाही, त्याचा आकडा आम्ही वहीत लिहीत नसू. एक तारा इथेच कापला.

पहिल्या दिवशी आकडा सारखा नाचत होता: ०.०८, मग ०.१७, परत ०.११. यात यंत्राचा दोष नाही. आमच्या घरात मिनिटाला सरासरी २० टिकटिकी होतात, आणि इतक्या थोड्या मोजणीत चार-पाचचा फरक आपोआप पडतो. दहा मिनिटं एका जागी ठेवलं की मोजणी दोनशेच्या आसपास जाते आणि आकडा ०.१३ ला स्थिरावतो. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर तोच ०.१८ होतो. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही, आणि नवख्या माणसाला हेच आधी कळायला हवं.

भाच्यानं लगेच कॅल्क्युलेटर काढला. ०.१३ गुणिले वर्षाचे ८७६० तास, म्हणजे साधारण १.१४ मिलिसिव्हर्ट (हजार मायक्रोसिव्हर्टचा एक मिलिसिव्हर्ट). "मावशी, सामान्य लोकांसाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे ना? मग आपण ती घरात बसूनच ओलांडली!" त्याचा चेहरा खरंच उतरला होता. त्याला समजावलं की ती मर्यादा अणुकेंद्रासारख्या उद्योगातून जी भर पडते तेवढ्यापुरती आहे. जमिनीतून, आकाशातून, श्वासातल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूतून मिळणारं नैसर्गिक प्रारण त्यात धरत नाहीत. ते जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट आहे. आपल्या उपचारासाठी काढलेले एक्स-रे आणि सीटी स्कॅनही त्या मर्यादेत येत नाहीत.

आणि मर्यादा म्हणजे तिच्या आत निर्धोक, बाहेर घातक, अशी रेघही नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या अनेक दशकांच्या नोंदींत मोठ्या मात्रेला कर्करोग वाढलेला स्पष्ट दिसतो, पण १०० मिलिसिव्हर्टच्या खाली धोका इतका लहान होतो की इतर कारणांच्या गर्दीत तो वेगळा काढणं फार अवघड. केरळात करुनागप्पल्लीच्या मोनाझाइट वाळूवर, जी मुळातच किरणोत्सारी आहे, पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांमध्ये कर्करोग वाढलेला आढळला नाही. तरीही नियम करताना असं धरून चालतात की मात्रा कमी झाली की धोका त्याच प्रमाणात कमी होतो, शून्य मात्र होत नाही. म्हणून मर्यादेच्या आत असलात तरी शक्य तितकं कमी करत राहायचं. प्रत्येक एक्स-रेला शिशाच्या पार्टिशनमागे जाणं हे मी याच कारणानं कधी टाळलं नाही.

सप्टेंबरमध्ये यंत्र अणुमालाला नेलं. मुलीच्या बैठकीच्या खोलीत ०.११, अंगणात ०.१२, म्हणजे आमच्या ओट्यापेक्षा कमी. दुसऱ्या दिवशी दुपारी जोराचा पाऊस झाला. थांबल्यावर मी गाडीचं बॉनेट रुमालानं पुसलं, रुमालाची घडी केली आणि यंत्र त्यावर ठेवलं. मिनिटाला २० च्या जागी ७० टिकटिकी! मुलगी दारात उभी होती, तिनं नातवाला आत ओढलं. अर्ध्या तासानं मोजलं तर ४४, दोन तासांनी पुन्हा २०-२२. रेडॉनपासून तयार झालेली, हवेत तरंगणारी मूलद्रव्यं पावसाबरोबर खाली येतात आणि त्यांचं आयुष्य मिनिटांत मोजण्याइतकंच असतं. बडोद्याला परतल्यावर पुढच्या पावसात आमच्या गच्चीवर तसाच रुमाल फिरवला, तसेच आकडे आले. मुलीला लगेच फोन करून ते वाचून दाखवले.

अणुमालात पाऊस झाला त्या रात्री जेवताना जावई म्हणाले, "आई, पण आमच्याकडे सगळ्यात जास्त लक्ष ठेवतात ते ट्रिटियमवर, आणि ते तुमच्या यंत्राला दिसायचंच नाही." ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. माझ्या एक्स-रेच्या दुनियेत ते नव्हतं, त्यामुळे हे मला नवीन होतं. काक्रापारच्या अणुभट्ट्या जड पाण्यावर (ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो) चालतात आणि त्या पाण्यात ट्रिटियम तयार होतं. त्याचा बीटा कण इतका दुबळा की हवेतच काही मिलिमीटरवर थांबतो, नळीची काच कसली भेदतोय! शरीरात ते पाण्यासारखं शिरतं, श्वासातून, त्वचेतून. म्हणून कामगारांची लघवी तपासतात. २०१६ च्या ११ मार्चला पहिल्या अणुभट्टीच्या नळीतून जड पाणी गळलं होतं. तेव्हा माझ्याकडे हे यंत्र असतं, तर कुंपणाबाहेर उभी राहून मी ट्रिटियमबद्दल त्याला काहीही विचारू शकले नसते.

ते काम प्रयोगशाळेचं आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा केंद्राभोवतीच्या ३० किलोमीटरच्या टापूतलं पाणी, दूध, भाज्या, मासे तपासते. मर्यादा घालून देणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ चं. २०१२ मध्ये कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालानं दाखवून दिलं की या मंडळाला तेव्हा कायद्यानं स्वतंत्र नियामकाचा दर्जाच नव्हता. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण मोजणाऱ्यावर दबाव असला की काय होतं ते मी पाहिलंय. माझी पहिली नोकरी एका खाजगी क्लिनिकमध्ये होती. अंगावर पडलेलं प्रारण नोंदवणारा, दर तीन महिन्यांनी वाचनासाठी जाणारा छातीवरचा बॅज तिथे कपाटात कुलूप लावून ठेवायचे, रीडिंग "चांगलं" यावं म्हणून. त्या तीन वर्षांचे माझे कागदावरचे आकडे शून्याजवळ आहेत. खरे किती होते ते आता कुणालाच सांगता येणार नाही. कायद्यानं कामगाराला पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३०, ही मर्यादा आहे. पण बॅज कपाटात असेल तर तिचा उपयोग काय?

नियामक मंडळाच्या वार्षिक अहवालांत केंद्राजवळच्या लोकांना मिळणारी मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या खूप खाली दाखवलेली असते, आणि माझ्या यंत्राला दिसतं तेवढं त्याच्याशी जुळतं. पण दुधाचा आणि विहिरीच्या पाण्याचा ताजा आकडा व्याऱ्याच्या बसस्टँडवर गुजरातीत लावलेला मला पाहायचा आहे.

यंत्राला ५ पैकी ३ तारे. शिकायला, ओटा-दगड-पाऊस तपासायला घ्या. अणुकेंद्रावर पहारा ठेवायला घेऊ नका. खरेदीआधी विक्रेत्याकडे कॅलिब्रेशनची तारीख मागा. अलार्म ०.५ वर लावलेला येतो, तो तसाच राहू द्या. आणि विमानात नेलंत तर उंचीवर तो वाजणारच, शेजारच्या प्रवाशाला आधी सांगून ठेवा.