इतिहासाच्या पदवीचे नियोजन: आराखडा चोख, भाषेचा रकाना रिकामा

इतिहास विषय घेऊन पदवीला प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आमचा विभाग पहिल्या सत्राच्या आधी एक छापील नियोजन-तक्ता देतो आणि शैक्षणिक सल्लागाराबरोबर बसून तो भरून घेतो. या सेवेच्या आधारे पदवी पूर्ण केल्यानंतर तिचे परीक्षण लिहीत आहे. अटी पूर्ण करण्याच्या कामी ती उत्तम आहे, मात्र संशोधनाची तयारी करून घेण्यात ती कमी पडते.

तक्त्याची सर्वांत चांगली बाजू अशी की त्याची मांडणी शेवटाकडून सुरुवातीकडे येते. अखेरच्या वर्षातील लघुप्रबंध आधी लिहिला जातो, त्याच्यासाठी कोणता सेमिनार आवश्यक आहे हे त्याच्या अलीकडच्या रकान्यात येते, आणि त्या सेमिनारची पूर्वअट असलेला संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम आपोआप दुसऱ्या वर्षात येऊन बसतो. वर्षाआड शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांपुढे खूण केलेली असते. ही खूण किरकोळ वाटते, पण एखादा अभ्यासक्रम हुकला तर पदवी वर्षभर लांबू शकते, हे ध्यानात घेता संपूर्ण तक्त्यात तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

कालखंड आणि प्रदेश यांच्या अटींबाबत सल्लागार ठाम राहिले, हेही योग्यच झाले. विद्यार्थ्याला मोकळे सोडले तर तो विसाव्या शतकातच रमतो, कारण त्या काळाची नावे आणि छायाचित्रे ओळखीची असतात. मग दुसरे महायुद्ध तीन वेगवेगळ्या शीर्षकांखाली तीनदा शिकून होते. 1800 पूर्वीचा किमान एक अभ्यासक्रम आणि एकाहून अधिक खंडांचा इतिहास हवाच, या अटीमुळे तुटपुंज्या, तुटक साधनांवरून निष्कर्ष कसा काढतात हे शिकावे लागते, आणि वृत्तपत्रे व सरकारी फायलींच्या ढिगाऱ्यात वावरणाऱ्यालाही ते शिक्षण उपयोगी पडते.

भाषेच्या बाबतीत मात्र हा तक्ता निराशा करतो. ‘अन्य भाषा’ हा रकाना अगदी तळाशी, ऐच्छिक विषयांच्या रांगेत आहे आणि तो रिकामा ठेवला तरी कोणी हरकत घेत नाही. वास्तविक लघुप्रबंधाचा विषय कोणता घेता येईल, हे पुष्कळदा तोच रकाना ठरवतो. ओस्मानी साम्राज्यावर काम करायचे असेल तर केवळ आजची तुर्की शिकून भागत नाही, कारण तुर्कस्तानने 1928 मध्ये लॅटिन लिपी स्वीकारली आणि त्यापूर्वीचे दप्तर अरबी लिपीत आहे. पेशवाईच्या अभ्यासकाला मराठी येत असली तरी मोडी वाचता आल्याशिवाय मूळ कागदांपर्यंत पोहोचता येत नाही, आणि मुघल दरबाराच्या अभ्यासाला फारसीवाचून गत्यंतर नाही. भाषा वा लिपी अंगवळणी पडायला दोन-तीन वर्षे सहज जातात, त्यामुळे ती पहिल्या सत्रात सुरू झाली तरच शेवटच्या वर्षी हाताशी असते. ज्या तक्त्यात लघुप्रबंधापासून मागे येत सगळे आखले जाते, त्यात नेमकी हीच गोष्ट सुटावी, हे आश्चर्याचे आहे.

याच्याशी निगडित दुसरी उणीव साधनांविषयीची आहे. तक्ता विषय विचारतो, पण त्या विषयाचे कागद कुठे आहेत आणि ते पाहायला मिळतात का, हे विचारत नाही. अनेक देशांत सरकारी कागदपत्रे वीस-तीस वर्षे बंद असतात. पोप बारावे पायस यांच्या कारकिर्दीची व्हॅटिकनमधील कागदपत्रे संशोधकांना मार्च 2020 मध्ये खुली झाली, म्हणजे पोपच्या निधनानंतर साठ वर्षांहून अधिक काळाने. अलीकडच्या घटनांची ओढ असलेल्या विद्यार्थ्याला हे दुसऱ्या वर्षीच कोणीतरी सांगायला हवे. आमच्याकडे ते सल्लागारांनी नव्हे, संशोधनपद्धती शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी सांगितले, आणि माझ्या मते या सेवेत विषयतज्ज्ञाबरोबरची एक बैठक सक्तीची करावी.

कामाच्या भाराचा हिशोबही वरवरचा आहे. युरोपीय श्रेयांक पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे साधारण 25 ते 30 तासांचे काम धरले जाते, आणि कागदावर सर्व अभ्यासक्रम त्याच मापाने मोजता येतात. प्रत्यक्षात सेमिनारचे आठवड्याचे वाचन आणि प्रास्ताविक अभ्यासक्रमाचे वाचन यांत मोठी तफावत असते. बेरीज जुळते म्हणून तक्ता दोन सेमिनार आणि लघुप्रबंधाची सुरुवात एकाच सत्रात खुशाल बसवतो. असे सत्र स्वीकारण्यापूर्वी मागील वर्षांच्या वाचनयाद्या मागून घ्याव्यात.

संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र जोडविषय म्हणून घेण्याचा सल्ला चांगला होता, विशेषतः लोकसंख्या आणि किमतींच्या इतिहासाकडे वळणाऱ्यांसाठी. नोकरीविषयीच्या पानावर अध्यापन, अभिलेखागार, संग्रहालय, पत्रकारिता आणि कायदा एवढी नावे आहेत, त्यापलीकडे काही नाही.

एकंदरीत ही सेवा अवश्य घ्यावी, परंतु भरलेला तक्ता अंतिम मानू नये. परदेशी विद्यापीठात एखादे सत्र घालवण्याचा विचार असणाऱ्यांनी अधिक सावध राहावे: तिथला कोणता अभ्यासक्रम इथल्या कोणत्या अटीऐवजी धरला जाईल याला तक्त्यात जागाच नाही, म्हणून निघण्यापूर्वी विभागप्रमुखांची लेखी मान्यता घेऊन ती तक्त्याला जोडावी आणि संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम शक्यतो बाहेर करू नये, कारण सेमिनारला प्रवेश देताना त्याच्याच समकक्षतेवर सर्वाधिक प्रश्न विचारले जातात.