निकॉन डीएफ : व्हिडिओ वगळलेल्या कॅमेऱ्याचे परीक्षण

छायाचित्रांच्या कॅमेऱ्यात व्हिडिओची सोय असावी की नसावी, हा वाद केवळ तत्त्वावर घातला तर तो कधीच संपत नाही. तो एखाद्या प्रत्यक्ष कॅमेऱ्यावर तपासून पाहावा, आणि त्यासाठी निकॉन डीएफइतका योग्य कॅमेरा दुसरा नाही, असे माझे मत आहे. २००८ मध्ये निकॉन डी९० आणि त्यापाठोपाठ कॅनन ५डी मार्क २ आले आणि डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांत, व्हिडिओ शिरला. पुढच्या पाच वर्षांत तो इतका सर्वत्र झाला, की नवशिक्यांसाठीच्या साध्या डीएसएलआरमध्येही त्याचे बटण दिसू लागले. अशा वेळी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, निकॉनने डीएफ आणला, त्यातून व्हिडिओ जाणूनबुजून वगळला आणि निखळ छायाचित्रण हाच त्याच्या जाहिरातीचा मुख्य मुद्दा केला. मी हा कॅमेरा वापरलेला विकत घेतला, आणि आजही घराबाहेर पडताना बॅगेत प्रथम तोच जातो; तरीही त्यातून व्हिडिओ वगळण्याचा निर्णय चुकीचा होता, असे मी विचारपूर्वक म्हणतो.

आधी कॅमेऱ्याचे गुण सांगायला हवेत, कारण ते खरे आहेत. डीएफमधला १६.२ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा) सेन्सर हा निकॉनच्या तेव्हाच्या सर्वोच्च श्रेणीतील डी४चाच सेन्सर आहे. आजच्या मानाने हा आकडा लहान वाटेल, परंतु अंधुक प्रकाशात त्याची योग्यता कळते. पालखीच्या मुक्कामी रात्रीचे कीर्तन चालू असताना, मंडपातल्या तुटपुंज्या उजेडात, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० वर काढलेल्या छायाचित्रांतही चेहऱ्यांचे रंग फिके पडत नाहीत आणि जो काही नॉइज (चित्रातला खरखरीतपणा) दिसतो तो डोळ्यांना खुपत नाही. शटर स्पीड, आयएसओ आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (चित्र किती उजळ वा गडद यावे ते ठरवणे) या तिन्हींसाठी वरच्या बाजूला स्वतंत्र डायल आहेत. त्यामुळे कॅमेरा बंद असतानाही, नुसती नजर टाकून, तो कोणत्या स्थितीत आहे हे समजते. शटरच्या बटणात जुन्या पद्धतीची केबल रिलीज (हात न लावता शटर दाबण्याची तार) फिरवून बसवता येते. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे माउंटवरची, म्हणजे लेन्स बसवण्याच्या कड्यावरची, लहानशी घडी होणारी पट्टी. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा; १९७७ मध्ये एआय पद्धत आली, ज्यात लेन्सचे ॲपर्चर या पट्टीमार्फत कॅमेऱ्याला कळते, आणि त्याआधीच्या मूळ स्वरूपातल्या लेन्स अनेक डिजिटल निकॉनवर लावल्या तर त्या पट्टीला इजा होण्याची भीती असते. डीएफमध्ये पट्टी वर उचलून ठेवता येते आणि घरात वडिलांच्या काळापासून पडून असलेली लेन्सही निर्धास्तपणे वापरता येते.

दोषही आहेत. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा डायल फिरवण्यासाठी दर वेळी मधले बटण दाबून धरावे लागते, आणि वारंवार लागणाऱ्या गोष्टीला असे कुलूप लावण्याचे कारण मला आजही पटलेले नाही. मेमरी कार्ड एकच बसते आणि तेही खाली, बॅटरीच्या कप्प्यात. ज्या कॅमेऱ्याने जुन्या मॅन्युअल लेन्सना आमंत्रण दिले, त्यातच फोकसिंग स्क्रीन (हाताने फोकस साधताना पाहायची व्ह्यूफाइंडरमधली काच) बदलण्याची सोय नाही, ही तर मोठीच विसंगती आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. व्हिडिओ काढून टाकल्याने छायाचित्रकाराच्या पदरात नेमके काय पडले? डीएफमध्ये लाइव्ह व्ह्यू आहे. म्हणजे आरसा वर जातो, शटर उघडे राहते, सेन्सर एकामागून एक चौकटी वाचत राहतो आणि त्या मागच्या पडद्यावर दिसतात. व्हिडिओसाठी याहून वेगळे लागते ते त्या चौकटी संकुचित करून कार्डावर साठवणे आणि आवाजासाठी मायक्रोफोन. हेच काम त्याच सेन्सरच्या आणि त्याच एक्स्पीड ३ प्रोसेसरच्या बळावर डी४ पूर्ण एचडीमध्ये करत होता. म्हणजे डीएफला ते झेपणारे नव्हते असे नाही; ते त्याला करू दिले गेले नाही. किमतीचा युक्तिवादही टिकत नाही. अमेरिकेत डीएफची नुसती बॉडी सुमारे २,७५० डॉलरला आली, आणि त्याच्या काही आठवडे आधी आलेला डी६१०, ज्यात व्हिडिओ होता, दोन कार्डे बसत होती आणि डीएफसारखीच ३९ बिंदूंची फोकस यंत्रणा होती, तो सुमारे २,००० डॉलरला मिळत होता. डीएफची जास्त किंमत सेन्सरसाठी आणि धातूच्या डायलसाठी होती हे मान्य. पण मग व्हिडिओ वगळल्याने कॅमेरा स्वस्त होतो, हे म्हणणे सोडून द्यायला हवे. डीएफ डी६१० पेक्षा हलका आहे, यात शंका नाही, परंतु त्या हलकेपणाचे काही श्रेय लहान बॅटरीला जाते.

जे गमावले ते मात्र मोठे आहे. जात्यावर दळताना ओव्या म्हणणाऱ्या वृद्ध स्त्रियांची छायाचित्रे मी काही गावांत काढली. खुंट्याला धरलेला हात, हातातल्या बांगड्या, सुपातले धान्य हे सारे डीएफने उत्तम टिपले. पण ओवीची चाल छायाचित्रात येत नाही, आणि ती म्हणणाऱ्या पिढीला आता थोडीच वर्षे उरली आहेत. उत्तम लेन्स लावलेला, उत्तम सेन्सर असलेला कॅमेरा गळ्यात असताना आवाजासाठी खिशातला फोन काढावा लागणे, तो उंबऱ्यावर कसाबसा टेकवून ठेवणे आणि त्या गडबडीत ओवी अर्धी निसटणे, हे मला शुद्धतेचे लक्षण वाटत नाही. गावोगावच्या फोटो स्टुडिओंचा प्रश्न तर थेट पोटाचा आहे. लग्नसराईत हळदीपासून पाठवणीपर्यंत फोटो आणि व्हिडिओ दोन्ही द्यावे लागतात, आणि दोन वेगवेगळ्या बॉडी घेण्याइतके भांडवल तालुक्याच्या गावातल्या प्रत्येक तरुणाकडे नसते. त्याला एकाच कॅमेऱ्यात दोन्ही मिळाले म्हणून कोणाचेही छायाचित्र बिघडलेले नाही.

व्हिडिओला विरोध करणाऱ्यांची एक तक्रार मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. व्हिडिओ कॅमेऱ्यात असणे आणि कॅमेऱ्याची घडण व्हिडिओने ठरवणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाजूला उघडणारा पडदा स्वतःचे चित्रीकरण करणाऱ्याला सोयीचा असतो, पण कमरेच्या उंचीवरून छायाचित्र काढणाऱ्याला तो लेन्सच्या रेषेबाहेर नेतो. त्याला वरखाली कलणारा पडदाच हवा असतो. अंगठ्याखाली आलेले रेकॉर्डचे लाल बटण, मेनूमध्ये एकत्र मिसळलेली दोन्हींची सेटिंग्ज, हा त्रास काल्पनिक नाही. लायकाने २०१२ च्या एम मालिकेतील कॅमेऱ्यात व्हिडिओ दिला आणि २०१७ च्या एम१० मधून तो पुन्हा काढला. हॅसलब्लाडने २०२२ च्या एक्स२डी मध्येही तो दिला नाही. अशा कॅमेऱ्यांचा ग्राहक ठरलेला असतो आणि बहुधा त्याच्याकडे दुसरा कॅमेरा असतोच, त्यामुळे त्यांच्याशी माझे भांडण नाही. डीएफ मात्र अनेकांचा एकमेव कॅमेरा होणार होता.

निकॉनने २०२३ मध्ये आणलेल्या झेडएफमध्ये या प्रश्नाचे बरेचसे योग्य उत्तर आहे. डायल डीएफसारखेच आहेत, ४के व्हिडिओ आहे, आणि शटरच्या डायलखाली एक लहान खटका आहे, ज्याने छायाचित्र, कृष्णधवल आणि व्हिडिओ असे तीन भाग वेगळे होतात. ज्याला व्हिडिओ नको, त्याने तो खटका कधीही हलवू नये; ज्याला हवा, त्याला तो एका बोटावर आहे. पडदा मात्र तिथेही बाजूलाच उघडतो, ही उणीव मी नोंदवून ठेवतो.

तेव्हा डीएफ आज घ्यावा का? ज्यांच्याकडे जुन्या निकॉन लेन्स आहेत, जे ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधूनच (पडद्याऐवजी लेन्समधून आलेले दृश्य थेट) पाहू इच्छितात आणि ज्यांना आवाजाची गरज नाही, त्यांनी चांगल्या स्थितीतला मिळाल्यास जरूर घ्यावा. घेताना ती घडीची पट्टी मोकळेपणाने हलते का आणि सर्व डायल नीट अडकतात का, हे हाताळून पाहावे. लग्नाचे काम करणाऱ्यांनी, लोककला आणि लोकगीते नोंदवणाऱ्यांनी आणि ज्यांना एकाच कॅमेऱ्यावर भागवायचे आहे अशांनी झेडएफ किंवा त्याच्यासारखा, व्हिडिओ स्वतंत्र खटक्यावर ठेवणारा कॅमेरा घ्यावा.