वेस्नॉथच्या हौशी मोहिमा: हरतो सातव्या लेव्हलला, खड्डा मात्र तिसरीतच पडलेला असतो

‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि जुनाट लॅपटॉपवरही कुरकुर न करता चालतो. एवढ्यावरच मी तो उतरवून घेतला होता. उन्हाळ्यात सुरू केला, पीक विम्याचे फॉर्म भरायच्या दिवसांत बंद पडला, दिवाळीनंतर पुन्हा जोरात सुरू झाला. सेलूला आमचं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. साइट लटकली की गिऱ्हाईक बाकड्यावर चहा घेत बसतं आणि मी एक टर्न खेळून घेतो. घड्याळाशी शर्यत नाही, दर टर्नला सेव्ह आपोआप होतं, लाइट गेली तरी फार तर एक टर्न वाया जातो. आमच्याकडच्या माणसाला यापेक्षा सोयीचा गेम मिळणं कठीण.

ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेव्हिड व्हाइट नावाच्या प्रोग्रामरनं २००३ साली हा गेम सुरू केला, सेगाच्या गेम-मशीनवरच्या ‘मास्टर ऑफ मॉन्स्टर्स’ आणि ‘वॉरसाँग’ या जुन्या गेमांवरून. तेव्हापासून हौशी लोकच तो वाढवत आलेत. षटकोनी घरांचा नकाशा, आपली तुकडी, समोर शत्रूची. मारामारीतून शिपायांना एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतात, ते लेव्हल चढतात आणि पुढच्या लढाईत त्यांना परत बोलावता येतं. (मोहिमेतल्या एकेका लढाईलाही लेव्हलच म्हणतात; शिपायाची लेव्हल वेगळी, ती त्याचा दर्जा.) मेला तो कायमचा मेला. सोबत येणाऱ्या मोहिमा आहेतच, पण खरा खजिना ॲड-ऑनमध्ये आहे. जगभरच्या लोकांनी नोकरी-शिक्षण सांभाळून बनवलेल्या मोहिमा तिथं बसल्या जागी उतरवता येतात. मला बोलायचंय ते या हौशी मोहिमांबद्दल, आणि त्यातही त्यांच्या अवघडपणाबद्दल.

आधी नशिबाची तक्रार निकालात काढू, कारण नवा खेळाडू तिथंच अडकतो. जादूगाराचा वार ७० टक्के लागतो, समोरचा कुठंही उभा असो. तीन वार असतात. तिन्ही हुकायची शक्यता २.७ टक्के. आता एका लेव्हलमध्ये असे शंभर हल्ले झाले तर दोन-तीनदा तिन्ही वार हवेत जाणारच. माणूस ते दोन-तीन प्रसंग लक्षात ठेवतो, बाकीचे सत्त्याण्णव विसरतो. माझा भाचा सुट्टीत लातूरहून आला की शेजारी बसतो. त्याचा जादूगार असा हुकला की लगेच, “मामा, हे चीटिंग करायलंय!” मी त्याला गेममधलाच आकडेवारीचा तक्ता उघडून दाखवला. सरासरीनं किती मार बसायला हवा होता आणि खरा किती बसला, हे दोन्ही तिथं लिहिलेलं असतं. दोन्ही आकडे बहुतेक जवळजवळ निघतात. हल्ल्याच्या खिडकीत हिशोबाचं बटण आहे, त्यात शत्रू मरायची शक्यता आधीच कळते. ते न बघता ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणत चाल मारायची आणि मग गेमला शिव्या घालायच्या, हा आमच्या जिल्ह्याला शोभणारा प्रकार आहे, पण त्यात गेमचा दोष नाही.

खेळाचा पाया पक्का आहे. साधा भालाईत मोकळ्या मैदानात उभा असेल तर त्याला चुकवायची संधी ४० टक्के, तोच गावात किंवा किल्ल्याच्या घरात गेला तर ६०, उथळ पाण्यात किंवा दलदलीत उतरला तर फक्त २०. दिवसा माणसांची सेना २५ टक्के जास्त मारते, रात्री तेवढीच कमी. भुतं-सांगाडे आणि ऑर्क यांचं बरोबर उलटं. म्हणजे कुठं उभं राहायचं आणि किती वाजता भिडायचं, यातच अर्धी लढाई जिंकली जाते. नवशिक्यानं ‘अ टेल ऑफ टू ब्रदर्स’ ही चार लेव्हलची मोहीम आधी खेळावी, मग ‘द साउथ गार्ड’. दोन्ही गेमसोबतच येतात आणि दोन्ही नीट मोजून-मापून केलेल्या आहेत. तोल कसा असतो हे त्यात कळतं, म्हणून पुढं ॲड-ऑनमध्ये तो ढळलेला लगेच जाणवतो.

आता मुद्दा. एक हौशी मोहीम मी नेटानं खेळलो. नाव घेत नाही, कुणाच्या तरी रात्री जागून केलेल्या कामाची इथं जाहिरात किंवा बदनामी करायची नाही. गोष्ट चांगली, नकाशे देखणे, संवादही बरे. नॉर्मलवर सुरू केली. सातव्या लेव्हलला डोकं आपटलं. शत्रूकडून दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलचे सरदार दोन बाजूंनी येतात आणि माझ्याकडे नुसते कोरे भालाईत. पुन्हा खेळलो, इझी करून खेळलो, चालींचा क्रम बदलून पाहिला. जमेना. अशा वेळी लोक लिहितात, ‘सातवी लेव्हल अशक्य आहे, दुरुस्त करा.’ आणि बनवणारा बिचारा सातव्या लेव्हलच्या शत्रूचं सोनं, म्हणजे शिपाई भरती करायचा पैसा, कमी करतो.

दुखणं तिसऱ्या लेव्हलला होतं. तिथं दलदल आहे, रात्र आहे आणि समोर सांगाडे. सांगाड्याला भाला टोचतच नाही, टोचणाऱ्या शस्त्राचा ६० टक्के मार तो पचवतो. भालाइताचा वार ७ चा. रात्रीची वजावट धरा, सांगाड्याची हाडं धरा, हातात उरतात २. सांगाड्याचा जीव ३४. म्हणजे सतरा घाव बरोबर लागले तर एक सांगाडा पडणार, आणि तोवर आपला माणूस चिखलात २० टक्क्यांवर उभा. जादूगाराची आग किंवा गदावाला जड शिपाई असता तर गोष्ट वेगळी होती. पण बनवणाऱ्यानं त्या लेव्हलला हे दोघं भरतीत ठेवलेच नाहीत, कथेत म्हणे ते पुढं भेटतात. लेव्हल जिंकायची अट काय, तर ठरलेल्या टर्नपर्यंत तग धरायचा. तग धरला जातो. सरदार जिवंत राहतो, बाकी पहिल्या दोन लेव्हलमध्ये घडवलेली सगळी अनुभवी माणसं चिखलात जातात. पडद्यावर मात्र ‘विजय’ लिहून येतं.

इथं सोन्याचा हिशोब समजून घ्यायला हवा, कारण हौशी मोहिमांची गोम त्यातच आहे. लेव्हल संपली की उरलेल्या सोन्याचा काही हिस्सा पुढं जातो, बऱ्याच मोहिमांत ४० टक्के. शिवाय प्रत्येक लेव्हलला किमान सोनं ठरलेलं असतं, दोन्हींतला मोठा आकडा मिळतो. समजा किमान १०० आहे. हुशार खेळाडूकडे ३०० उरले, त्याला १२० मिळाले. माझ्याकडे ५० उरले, त्याचे २० होतात, पण किमान म्हणून मला १०० मिळाले. फरक फक्त २० सोन्याचा. म्हणजे सोन्यापुरता पडणाऱ्याला आधार आहे.

अनुभवी माणसांना असा कसलाच आधार नाही. मेलेल्याची भरपाई मिळत नाही. आणि परत बोलावायचा दर सगळ्यांना सारखाच, २० सोनं, मग तो पहिल्या लेव्हलचा असो की तिसऱ्या. कोरा भालाईत १४ ला पडतो. म्हणजे ज्याच्याकडे तिसऱ्या लेव्हलचे चार गडी शिल्लक आहेत त्याला ८० सोन्यात अख्खी फौज मिळते, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला त्याच ८० मध्ये पाच नवखी पोरं. दोघंही सातव्या लेव्हलला ‘नॉर्मल’च खेळतायत. हा फरक किमान सोनं वाढवून भरून निघत नाही.

मग बनवणाऱ्याला हे दिसत का नाही? माझा अंदाज असा की तो आपलीच लेव्हल पन्नासदा खेळतो. सांगाडे कुठून येणार, कितव्या टर्नला येणार, हे त्याला पाठ. तो आधीच माणसं मागं उंचवट्यावर ओढून ठेवतो. वर बिघडलं की रिलोड करतो, म्हणजे जुनं सेव्ह उघडून पुन्हा खेळतो, चाचणीच्या नावाखाली. त्याची सगळी अनुभवी माणसं सातव्या लेव्हलला धडधाकट पोचतात आणि मग त्याला ती लेव्हल सोपी वाटते. म्हणून तो शत्रू वाढवतो. रिलोड करणारा मीही आहे, त्यात लाज नाही, पण रिलोड करून जुळवलेला तोल रिलोड न करणाऱ्याच्या गळ्यात बांधू नये.

शत्रू वाढवणं फार सोपं आहे, हीच मोठी अडचण. लेव्हलची फाइल साध्या मजकुराची असते. एका ओळीत शत्रूचं सोनं लिहायचं, सोप्या, मध्यम आणि कठीण पातळीसाठी तीन आकडे. १००, १५०, २००. झाली अवघडपणाची सोय! कितीतरी हौशी मोहिमांत तीन पातळ्यांतला फरक एवढाच. हार्डवर तेच शत्रू, त्याच वाटेनं, जरा जास्त संख्येनं येतात. विचार जास्त करावा लागत नाही, क्लिक जास्त करावे लागतात. मला अशा हार्डचा कंटाळा येतो.

हे सगळं भाच्याच्या कारभारातून जास्त उमगलं. गेममध्येच नकाशा बनवायचं साधन आहे. त्यानं देवगिरीचा किल्ला बनवला. मधे डोंगर, भोवती खंदक, आत शिरायला एकच वाट आणि अंधारीसाठी, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या वाटेसाठी, गुहेची घरं. पोराला शाळेच्या सहलीत पाहिलेलं बरंच आठवत होतं. पहिल्या फेरीत खेळाडू हल्लेखोर आणि किल्ला कॉम्प्युटरकडे. सुरू केलं आणि दोघंही हसत सुटलो. वेस्नॉथचा कॉम्प्युटर भारी चवताळलेला असतो. त्याला ना किल्ल्याची कदर ना खंदकाची. किल्लेदार तेवढा वर बसला, बाकीचे सगळे शिपाई एकेक करून खाली उतरले आणि पाण्यात उभं राहून मार खात बसले. एवढा देवगिरी, सहज पडला! भाच्यानं काय करावं? किल्ल्याचं सोनं दुप्पट केलं. आता दुप्पट शिपाई उतरले आणि पाण्यात मेले.

वास्तविक यावर उपाय आहे. एखाद्या शिपायाला ‘गार्डियन’ करून ठेवता येतं, म्हणजे शत्रू टप्प्यात येईस्तोवर तो जागचा हलत नाही. वाटेवर असे चार बसवले तरी किल्ला किल्ल्यासारखा लढतो, सोनं निम्म्यावर आणलं तरी. पण भाच्यानं ते सोडून बाजूच बदलली. खेळाडू किल्ल्यात, रामदेवरायाच्या बाजूनं, आणि खालून खिलजीची फौज. साल १२९६. आता लेव्हल फारच सोपी झाली, कारण शत्रू खंदकात उतरून उभा राहायचा आणि वरून टिपला जायचा.

मग पोरानं जे केलं ते मी कुठल्या हौशी मोहिमेत पाहिलेलं नाही. त्या वेढ्याची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, धान्य म्हणून गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं म्हणतात. त्यानं आठव्या टर्नला तोच प्रसंग घातला. एक शिपाई येऊन सांगतो, पोती मिठाची आहेत, आणि किल्ल्याचं सोनं शून्य. तिथून पुढं नवी भरती बंद. जे गडी आतापर्यंत जपले तेवढ्यांवर रामदेवरायाचा मुलगा शंकरदेव बाहेरून फौज घेऊन येईपर्यंत काढायचं. शत्रूचा एक शिपाई न वाढवता लेव्हल एकदम चटका लावणारी झाली. आणि अवघडपणा दिसत होता. पहिल्या सात टर्नमध्ये माणसं कशी वापरली याचा जाब आठव्या टर्नला त्याच लेव्हलमध्ये मिळत होता, चार लेव्हल पुढं जाऊन नाही. तरी मी त्याला एक सुचवलंय, तिसऱ्या-चौथ्या टर्नला एका पोत्याचा उल्लेख येऊ दे, कोठीवाला काहीतरी कुरकुरला पाहिजे. नाहीतर पहिल्यांदा खेळणारा म्हणेल, हे मला आधी का नाही सांगितलं? त्याचं म्हणणं पडलं, “मामा, रामदेवरायाला तरी कुठं सांगितलं होतं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण मत बदललेलं नाही.

ॲड-ऑन खेळणाऱ्यांना माझा सल्ला असा. मोहीम नॉर्मलवर सुरू करा, पण प्रत्येक लेव्हल संपल्यावर परत बोलावता येणाऱ्यांची यादी बघा. दुसऱ्या लेव्हलला चढलेले दोन-तीन गडी तरी मोहिमेच्या चौथ्या लेव्हलपर्यंत शिल्लक पाहिजेत. नसतील तर तिथंच थांबून आधीची लेव्हल पुन्हा खेळा, सातव्याची वाट बघू नका. शेवटचा घाव कुणाच्या हातून घालायचा तेही बघत चला. पहिल्या लेव्हलचा शत्रू मारला की ८ एक्सपी, दुसऱ्याचा १६, तर नुसतं लढल्याचे एक किंवा दोन. तगड्या सरदाराकडून शत्रू मारून घेण्यात मजा येते, पण कोऱ्या पोराला तो घाव दिला तर पुढं कामाला येतो. भालाइताला वर चढायला ४२ लागतात, म्हणजे पाच-सहा घावांची गोष्ट.

बनवणाऱ्यांकडून एकच अपेक्षा. लेव्हलच्या माहितीत दोन ओळी लिहा: तुमच्या स्वतःच्या खेळात ही लेव्हल सुरू करताना सोनं किती होतं आणि दुसऱ्या लेव्हलचे गडी किती होते. ते वाचून मला निदान कळेल की मी किती मागं आहे. त्या अडलेल्या मोहिमेच्या लेखकाला मी हेच लिहिलं, सातव्या लेव्हलबद्दल चकार शब्द न काढता. पुढच्या आवृत्तीत दलदलीच्या लेव्हलला एक जादूगार आला. सोन्याच्या आकड्याला त्यानं हात लावलेला नाही. मी पहिल्यापासून पुन्हा सुरू केली आहे, यंदा सांगाड्यांसमोर तीनच माणसं गेली.

पाचपैकी रेटिंग द्यायचं तर मूळ गेमला साडेचार, त्या मोहिमेला जुन्या आवृत्तीत अडीच, नव्या आवृत्तीत साडेतीन. अर्धा अजून कापलाय तो पाचव्या लेव्हलच्या टर्न मर्यादेसाठी, ती फार आवळलेली आहे.