हँडल फिरवलं की हलणारं शिल्प: पुठ्ठ्याचं, तारेचं की लाकडाचं?

खाली एक खोकं, त्यात आडवा दांडा, दांड्यावर एक-दोन चकत्या, बाजूला हँडल आणि वर एखादा पक्षी किंवा जोर मारणारा पैलवान. हँडल फिरवलं की पैलवान हलतो. अशी हलती शिल्पं, म्हणजे ऑटोमाटा, वर्गात करून घ्यायची म्हटली की शिक्षकापुढे पहिला प्रश्न साहित्याचा येतो. बहुतेक जण खर्च आणि टिकाऊपणा बघून निवड करतात. माझ्या मते कसोटी वेगळी हवी. पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येकाचं यंत्र अडकतं, तेव्हा ते अडकल्यावर मुलाला स्वतःच्या हाताने किती लवकर सोडवता येतं, ते पाहावं.

या कसोटीवर पुठ्ठा सरळ पुढे जातो. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयाने पुठ्ठ्याच्या ऑटोमाटाचा उपक्रम लोकप्रिय केला. त्याला लागणारं सगळं आपल्या गल्लीत मिळतं: वाण्याकडचं खोकं, बांबूच्या काड्या, स्ट्रॉ, जाड फोम शीट, ग्लू गन. फोम नसेल तर जुन्या रबरी चपलेचा तळवा उत्तम. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवलं, त्या परंपरेत हे अगदी चपखल बसतं.

पुठ्ठ्याची खरी गंमत आत आहे. दांड्यावरच्या उभ्या चकतीला कॅम म्हणतात आणि तिच्यावर आडव्या टेकलेल्या चकतीला फॉलोअर. फॉलोअरला जोडलेल्या उभ्या काडीच्या टोकावर पात्र बसतं. कॅमचं भोक मध्यापासून १ सेंमी बाजूला पाडलं, की फॉलोअर २ सेंमी वर-खाली होतो. भोक बरोबर मध्यात ठेवून कॅम फॉलोअरच्या एका कडेखाली सरकवला, तर फॉलोअर वर-खाली न होता गोल फिरतो. भोक बाजूला आणि कॅमही कडेला असेल, तर उचलतो आणि फिरवतोही. दोन बाजूंना दोन कॅम लावून त्यांची टोकं एकमेकांच्या उलट ठेवली, की पात्र मान हलवल्यासारखं आळीपाळीने इकडे-तिकडे वळतं. हे सगळं मुलाला कॅम दांड्यावर सरकवून किंवा त्याचं भोक बदलून पाहता येतं, फक्त आधी ग्लू लावायचा नाही. लाकडात आणि तारेत ही चैन नाही.

अडकण्याची कारणंही ठरलेली असतात. फॉलोअर हलका असेल तर कॅम नुसता घसरतो. अशा वेळी फॉलोअरवर एखादा नट किंवा दोन वॉशर चिकटवून वजन वाढवावं. खोकं डुगडुगत असेल तर कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे त्रिकोण चिकटवावेत. उभी काडी डुलत असेल तर ती ज्या स्ट्रॉमधून जाते ती लांब घ्यावी. कॅमची कडा तळाला घासते का, तेही आधीच पाहावं. कॅम फार टोकदार कापला तर तो फॉलोअरला वर उचलण्याऐवजी बाजूला ढकलतो आणि सगळं जाम होतं. हे मुलांना आधी सांगू नये, हाताला लागू द्यावं.

उणिवाही आहेत. नालीदार पुठ्ठ्याची कडा चेपते, म्हणून कॅम पुठ्ठ्याचे न करता फोमचे करावेत. जुलैत कोकणात वर्ग असेल तर खोकी मऊ पडतात. पुठ्ठ्याचं शिल्प प्रदर्शनापुरतं टिकतं, पुढच्या वर्षी दाखवायला उरेलच असं नाही.

तार दिसायला सगळ्यात देखणी. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरने १९२६ ते १९३१ या काळात तार, कापड, बुचं अशा साध्या वस्तूंतून अख्खी सर्कस उभी केली. ती आता न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे. तारेत कॅमच लागत नाही: तार वाकवूनच क्रँक (दांड्याला मध्येच दिलेला बाक) तयार होतो आणि त्याला अडकवलेली दुसरी तार पात्राचा हात वर-खाली ओढते. पण क्रँकची दोन्ही टोकं एका रेषेत आली नाहीत तर हँडल झटके देत फिरतं, आणि ती रेषा साधायला पकडीवर हात बसलेला लागतो. बांधकामाची बाइंडिंग तार वाकायला सोपी, पण क्रँकसाठी मऊ पडते. १६ गेज जाडीची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ठीक, मात्र लहान मुलांच्या बोटांना ती जड जाते. एकदा चुकीची वाकवलेली तार पुन्हा सरळ होत नाही, नवा तुकडाच घ्यावा लागतो. आठवीच्या पुढचा छोटा गट आणि चित्रकलेचे उत्साही शिक्षक असतील तर तार जरूर घ्यावी. चाळीस मुलांच्या वर्गात घेऊ नये. तारेची टोकं डोळ्यांजवळ येतात, एवढं कारण पुरे.

लाकडाचा दिमाख वेगळा. आधुनिक ऑटोमाटाची चळवळ वाढवणारं कॅबरे मेकॅनिकल थिएटर १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या फालमथला सुरू झालं. तिथल्या पॉल स्पूनर आणि पीटर मार्की यांची लाकडी कामं पाहिली की आपणही लाकूडच घ्यावं असं वाटतं. आणि लाकूड टिकतं किती, तर इंग्रजांनी १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला ताब्यात घेतलेला टिपू सुलतानाचा लाकडी वाघ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आजही आहे; तोही हँडलवरच चालणारा. पण वर्गात लाकूड म्हणजे करवत, ड्रिल, पॉलिश पेपर, देखरेखीला आणखी एक मोठं माणूस आणि कित्येक तासिका. भोक थोडं तिरकं पडलं की फळी बदलायची. मुलांचा बहुतेक वेळ सुतारकामात जातो, यंत्र समजून घ्यायला थोडाच उरतो.

लेझरने कापलेले एमडीएफचे (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचे) तयार संच हा चौथा पर्याय. तुकडे बरोबर बसतात आणि सगळ्यांची शिल्पं तंतोतंत सारखी होतात, हीच त्यांची अडचण. एक संच आणून नमुना म्हणून टेबलावर ठेवायला हरकत नाही.

मोटर लावायची का, हा प्रश्न मुलं विचारतातच, कारण गणपतीतले हलते देखावे त्यांनी पाहिलेले असतात. सुरुवातीला नको. हँडल फिरवताना नेमकं कुठे जड जातं ते बोटांना कळतं, मोटर ते कळू देत नाही. शिवाय स्वस्त पिवळी बीओ (बॅटरीवर चालणारी) मोटर अशा शिल्पासाठी फार जोरात फिरते. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी परवानगी दिली तर मुलांना देखाव्याच्या मागच्या बाजूला नेऊन मोटर, पट्टे आणि क्रँक दाखवावेत.

पाचवी ते सातवीच्या मोठ्या वर्गासाठी पुठ्ठा, दोघांत एक खोकं आणि जोडून किमान तीन तास. एका तासिकेत काही होत नाही. दांड्याची भोकं शिक्षकांनी आधी पाडून ठेवली तर कटर मुलांच्या हाती द्यावा लागत नाही. नववीच्या मुलांनी पुठ्ठ्यात एक शिल्प चालवून दाखवलं असेल आणि शाळेत कार्यशाळेची खोली असेल, तर त्याच शिल्पाची मापं घेऊन ते लाकडात करू द्यावं. कॅमचं भोक कुठे पाडायचं हे तोवर ठरलेलं असतं, त्यामुळे लाकूड वाया जात नाही.