नायब तहसीलदार की मुख्याधिकारी? पसंतीक्रम लावण्याआधी

राज्यसेवेच्या (एमपीएससीच्या परीक्षेच्या) गट ब पदांचा पसंतीक्रम भरताना नायब तहसीलदार, म्हणजे तहसील कार्यालयातला तहसीलदाराच्या हाताखालचा अधिकारी, वर ठेवायचं की नगरपरिषद मुख्याधिकारी, म्हणजे नगरपरिषदेच्या किंवा नगरपंचायतीच्या प्रशासनाचा प्रमुख, हे मला दर निकालानंतर कोणी ना कोणी विचारतं. मी आधी जवळपास दोन वर्षं नायब तहसीलदार होतो. पुढच्या परीक्षेत मुख्याधिकारी पद मिळालं आणि मी महसूल सोडला. घरच्यांना ते पटायला बराच वेळ लागला. पगार, भत्ते, प्रशिक्षण तुम्हाला माहीतच आहे, त्यात शिरत नाही.

महसूल सोडू नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नायब तहसीलदार, तहसीलदार, उपजिल्हाधिकारी आणि नशिबात असेल तर पदोन्नतीने आयएएस, अशी सरळ शिडी तिथे आहे. मुख्याधिकारी सेवेत गट अ, मग महापालिकेत उपायुक्त, अतिरिक्त आयुक्त किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात नगर प्रशासन. मोठ्या महापालिकांत आयुक्ताच्या खुर्चीवर बहुतेक वेळा आयएएस अधिकारीच बसतो. शिवाय नायब तहसीलदार महसुली विभागाच्या पातळीवरचा, म्हणजे पुणे विभाग मिळाला तर बदल्या बहुतांशी त्याच पाच जिल्ह्यांत. मुख्याधिकारी राज्यभर कुठेही. आज सिंधुदुर्गात, तर उद्या गोंदियात. घरी आजारी आई-वडील असतील किंवा जोडीदाराची नोकरी एका जागी बांधलेली असेल, तर हा मुद्दा हलका समजू नका.

तरीही मी सोडलं, ते एका वाक्यामुळे. ‘वर पाठवलंय.’

अतिवृष्टीचे पंचनामे झाले होते. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांच्या सह्यांनी याद्या आल्या, आम्ही त्या तपासून जिल्ह्याला पाठवल्या. एका आजोबांचं नाव यादीत होतं, शेजारच्या गट नंबरच्या शेताचे पैसे जमा झाले होते, यांचे नव्हते. ते तीनदा आले. तिन्ही वेळा मी कागद काढून दाखवला आणि तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी शांतपणे विचारलं, “साहेब, वर म्हणजे कुठं? मी जाऊन येतो की तिथं.” माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. पुढे माझं टेबल बदललं आणि त्यांचे पैसे आले की नाही, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

चूक कोणाची होती असं मला म्हणायचं नाही. ते कामच तसं आहे. नायब तहसीलदार फाइल तयार करतो, टिपणी लिहितो, ‘मान्यतेस्तव सादर’ करतो. सही पुढे होते, निर्णय त्याहून पुढे. निराधार योजनेच्या टेबलावरही तोच अनुभव: म्हातारी बाई समोर बसलेली, प्रकरण मंजूर, अनुदान मात्र वरून यायचंय. काही सहकारी हे सहज पेलतात आणि दहा वर्षांनी उत्तम तहसीलदार होतात. मला रात्री झोप लागत नसे.

मुख्याधिकाऱ्याला असं ‘वर’ म्हणायला फारशी जागाच नसते. माझी पहिली नेमणूक नगरपंचायतीत झाली. सतरा नगरसेवक, मोजके कर्मचारी, बरेचसे जुन्या ग्रामपंचायतीतून आलेले. पहिल्याच उन्हाळ्यात पहाटे जॅकवेलवरचा (गावासाठी पाणी उपसायच्या विहिरीवरचा) पंप जळाला. आठ वाजेपर्यंत बायका रिकाम्या घागरी घेऊन कार्यालयाच्या पायरीवर बसल्या. टँकर कुठल्या गल्लीत आधी जाईल, मोटार कुठून आणायची, पैसे कोणत्या लेखाशीर्षातून (खर्चाच्या खात्यातून) द्यायचे, हे सगळं दुपारच्या आत मलाच ठरवायचं होतं. दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास पंप सुरू झाला. व्हॉल्व्हमन काकांनी एका गल्लीची चावी सोडली आणि समोरच्या घरातल्या नळाला पाणी आलं. ते मी उभ्याने पाहिलं. मला तरी तेवढं पुरलं.

त्याची किंमतही सांगतो. मोटार निविदा न काढता घेतली होती. दोन वर्षांनी, मी दुसऱ्या गावी असताना, लेखापरीक्षणात आक्षेप निघाला. खुलासा, कागदपत्रं, पुन्हा खुलासा. नायब तहसीलदाराच्या सहीखाली पैसा असा रोजच्या रोज जात नाही, मुख्याधिकाऱ्याच्या जातो. ठेकेदारांची बिलं, पाणीपुरवठ्याची वीजबिलं, मार्चमधली मालमत्ता कराची वसुली, सगळीकडे तुमचंच नाव. १९९९ मध्ये जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, गेल्यापासून छोट्या नगरपरिषदा पगारासाठीही सरकारच्या सहायक अनुदानाकडे डोळे लावून बसतात. सभागृहाने नियमाबाहेरचा ठराव केला तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम ३०८ खाली तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच नगरसेवकांबरोबर वॉर्डात फिरायचं. हे ज्याला जमणार नाही त्याने या पदाच्या वाटेला जाऊ नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. चोरट्या वाळूच्या गाड्यांमागे रात्री जाणं महसुलात आहेच, पण तिथे पथक सोबत असतं. सभागृहात तुम्ही एकटे असता.

एक सावधगिरी. २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका होईपर्यंत तीन-चार वर्षं अनेक नगरपरिषदांमध्ये मुख्याधिकारीच प्रशासक होते, म्हणजे सभागृहाचे अधिकारही त्यांच्याकडेच होते. त्या काळात रुजू झालेल्यांकडून हे पद ऐकाल तर ते फार सोपं वाटेल. आता थेट जनतेतून निवडून आलेला नगराध्यक्ष समोर आहे. माझ्या मते काम त्यामुळे जड होतं, पण चांगलंही होतं, कारण प्रश्न विचारणारं कोणीतरी असतं.

आणि छोट्या गावात काय होऊ शकतं हे पाहायचं असेल तर सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याला जा, कचऱ्याच्या डेपोचं तिथे काय केलंय ते बघा. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये देशात पहिली तीन शहरं आपली होती: कऱ्हाड, सासवड, लोणावळा. अशा ठिकाणी मुख्याधिकारी सकाळी सहाला घंटागाडीमागे दिसतो.

शिडी आणि घराजवळची नोकरी महत्त्वाची असेल तर नायब तहसीलदार वर ठेवा, त्यात काही कमीपणा नाही. पसंतीक्रम भरण्याआधी शक्य असेल तर दोन्ही कार्यालयांत एकेक सोमवार नुसते बसून या. तहसीलमध्ये दुपारी बारानंतर, नगरपरिषदेत सकाळी पाणी सुटायच्या वेळी. माझा धाकटा चुलतभाऊ यंदा अर्ज भरतोय. त्याला मी मुख्याधिकारी वर ठेवायला सांगितलंय.