बॉल मिलचे आठ महिने: टन विचारण्याआधी मेश विचारा

अक्षय्य तृतीयेला नारळ फोडून बॉल मिल, म्हणजे आतल्या स्टीलच्या गोळ्यांनी दगड दळणारं फिरतं पिंप, चालू केली आणि परवा संक्रांत झाली. आठ महिने झाले. जालन्याच्या एमआयडीसीत आमचं चुनखडक दळायचं छोटं युनिट आहे. दगड विदर्भातून येतो, कारण आपल्या भागात खणाल तिथे काळा बसाल्टच. पुट्टीवाले, पशुखाद्यवाले आणि लेयर, म्हणजे अंड्यांच्या, कोंबड्यांचे दोन-तीन फार्म, एवढे आमचे गिऱ्हाईक. मिल घ्यायच्या विचारात असलेले बरेच जण फोन करतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

मिलचा आतला व्यास १.२ मीटर, लांबी १.८ मीटर, मोटर ४० एचपी. आत साडेतीन टनांच्या आसपास स्टीलचे गोळे, ६०, ४० आणि २५ मिलिमीटरचे मिसळून. पुढे बारीक-जाड वेगळं करणारा क्लासिफायर, जाड माल फिरून परत मिलमध्ये.

देणाऱ्याने सांगितलं होतं, ताशी दोन टन. खोटं नव्हतं. पण ते दोन टन १०० मेशचे, आणि हे मी विचारलंच नाही. मेश म्हणजे चाळणीचा नंबर, जितका मोठा तितकी पावडर बारीक. पुट्टीवाल्याला ३२५ मेश लागतो. २०० मेशला, म्हणजे साधारण ७५ मायक्रॉनला, आमच्याकडे ताशी सव्वा टन निघतो. ३२५ ला, म्हणजे ४५ मायक्रॉनला, साडेआठशे किलो निघाले तरी दिवस चांगला म्हणायचा. ब्लोअर, क्लासिफायर, एलेव्हेटर सगळं धरून २०० मेशला टनामागे विजेची ३१ युनिट जातात आणि ३२५ ला ४६.

पुतण्या संभाजीनगरला मेकॅनिकल करतो. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने वहीवर मांडून दाखवलं. फ्रेड बॉन्ड नावाच्या माणसाने १९५२ मध्ये एक सूत्र दिलंय: पावडर जितकी बारीक, तितकी टनामागे वीज जास्त, आणि हे गणित कणाच्या आकाराच्या वर्गमुळाने चालतं. कोरडं दळायचं असेल तर त्यावर आणखी ३० टक्के धरतात. आमच्या मीटरचे आकडे त्याच्या वहीच्या आसपासच निघाले. "काका, हे घ्यायच्या आधी विचारायचं होतं ना," म्हणाला. आता काय बोलणार!

मग ओलं का दळत नाही, असं पुण्याकडचे लोक विचारतात. त्यांना काय सांगायचं? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हा आपला मुलूख. आमच्या शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं आणि नळ कधी येईल यावर घरातल्या बाया स्वयंपाक ठरवतात. तिथे मी दगड भिजवायला पाणी मागू? शिवाय ओला माल परत वाळवावा लागणार, त्याचा खर्च वेगळाच. त्यामुळे ३० टक्के जास्त वीज गेली तरी मुकाट कोरडंच दळतो.

कोरड्याचा खरा वैरी पाऊस. जुलैत दगड उघड्यावर होता. दिसायला कोरडा, पण आत ओल. दोन दिवसांत गोळ्यांवर पिठाचा थर बसला. गोळा गोळ्यावर आपटतो पण दगड फुटत नाही, उशीवर बुक्की मारल्यासारखं. ऑपरेटर धावत आला, "मालक, मिल मुकी झाली." तेव्हा कळलं की या यंत्राचं मीटर म्हणजे कान. नीट चाललेली मिल खडखड करते. आत माल तुंबला की आवाज दबतो, आणि मोटरचा करंट दाखवणारा ॲमीटर वर जायच्या ऐवजी खाली येतो. नवा माणूस ते बघून खूश होतो आणि आणखी दगड ओततो. आता फीड बंद करून वाट बघायची, हे सगळ्यांना पाठ आहे. बाकी कानात बोळे घालूनच काम करायचं, आवाज भयंकर आहे.

ऑगस्टमध्ये वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही. आतलं ओलसर पीठ गोळ्यांसकट घट्ट बसलं. चालू करताच सगळा गठ्ठा एका बाजूने वर चढला आणि धप्पकन खाली आला. शेडचा पत्रा हलला. ऑपरेटरने लगेच बंद केली म्हणून बेअरिंग वाचलं. आता मोठ्या बंदनंतर आधी हळूहळू थोडी-थोडी फिरवून गठ्ठा मोकळा करतो, मगच पूर्ण चालू.

एक चूक मात्र शंभर टक्के माझीच. सप्टेंबरात ऑर्डर वाढली, तेव्हा पुली बदलून वेग २७ फेऱ्यांवरून ३६ वर नेला. जास्त फिरली की जास्त दळेल, असा साधा हिशेब. पण या व्यासाच्या मिलमध्ये ३९ च्या आसपास फेऱ्या झाल्या की गोळे भिंतीला चिकटूनच फिरू लागतात, दगडावर पडतच नाहीत. ३६ ला ते दगडाच्या पार पलीकडे उडून थेट लायनरवर, म्हणजे मिलच्या आतल्या अस्तरावर, आदळत होते. चार दिवसांत लायनरचे सहा बोल्ट तुटले आणि उत्पादन उलट घटलं. जुनी पुली परत बसवली. हीच मिल २७ वर शहाण्यासारखी चालते.

गोळे किती झिजतात, हे सगळे विचारतात. आठ महिन्यांत सव्वादोनशे किलो नवे टाकले. चुनखडक मऊ आहे, म्हणून एवढ्यावर भागलं. पण झिजलेलं ते लोखंड पावडरीतच जातं, आणि पुट्टीवाल्याने एकदा माल राखाडी दिसतो म्हणून परत पाठवला. ॲल्युमिनाचे, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकचे, गोळे टाकले तर पांढरेपणा राहील, पण ते वजनाला स्टीलच्या निम्म्याहूनही कमी, उत्पादन आणखी पडेल. तूर्तास चुंबक लावून आणि भाव थोडा कमी करून भागवतोय.

क्वार्ट्झ, म्हणजे गारेचा कडक दगड, दळून द्या म्हणून एकजण चांगला भाव देत होता. नाही म्हटलं. लायनर तर खाल्लंच असतं, पण त्याची धूळ छातीत बसली की सिलिकोसिस होतो, आणि आमचा धूळ पकडणारा बॅग फिल्टर त्या कामाचा नाही. पोरं गावाकडची आहेत, त्यांच्या आईबापांना मी ओळखतो.

आणि आता गंमत. कोंबड्यांच्या फार्मला सुरुवातीला मी २०० मेशची पावडर देत होतो, बारीक म्हणजे भारी या समजुतीने. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की लेयर कोंबडीला जाडसर खडी जास्त चालते. ती पोटात हळूहळू विरघळते, आणि रात्री कवच तयार होताना कॅल्शियम मिळत राहतं. आता तो माल क्रशरवरून दोन ते चार मिलिमीटरच्या चाळणीतून काढतो. सगळ्यात चांगले पैसे त्यातच सुटतात, आणि त्या दिवशी मिल बंद असते.